पाम बीच रोडचा ट्रॅक आणि मराठी नावाची गाडी: काम कोणत्या क्रमाने करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कळव्याच्या एका वाचकाला असेट्टो कोर्सा या गाड्या चालवण्याच्या सिम्युलेटर गेममध्ये नवी मुंबईचा पाम बीच रोड वाशीपासून बेलापूरपर्यंत पूर्ण उभा करायचा आहे, आणि त्यावर घरच्या गॅरेजचं मराठी नाव लिहिलेली लाल गाडी चालवायची आहे. लॅपटॉपमध्ये ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे. त्यांनी स्किन, म्हणजे गाडीवर चढणारं रंगरूप, करून पाहिली तर गाडी लाल राहण्याऐवजी राखाडी झाली आणि अक्षरं फुटली. ट्रॅक करून पाहिला तर गाडी रस्त्यातून आरपार खाली गेली. शेवटी ते विचारतात, "नक्की कोणतं सॉफ्टवेअर वापरू?"

सॉफ्टवेअरचं उत्तर सोपं आहे. चित्रासाठी गिंप, अक्षरांसाठी इंकस्केप, ट्रॅकच्या मॉडेलसाठी ब्लेंडर, ते मॉडेल गेमच्या स्वरूपात आणायला गेमसोबतच मिळणारा केएस-एडिटर, आणि सगळं तपासायला कंटेंट मॅनेजर या गेमसोबत चालणाऱ्या प्रोग्रॅमची मोफत आवृत्ती. गेम सोडला तर यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. पण तुमची अडचण सॉफ्टवेअरची नाही. सिम्युलेटरमध्ये डोळ्यांना दिसणारी वस्तू आणि गेम जिच्यावर हिशोब करतो ती वस्तू, या बऱ्याचदा दोन वेगळ्या फायलींत किंवा दोन वेगळ्या थरांत असतात. तुमच्या गाडीचा लाल रंग तुम्ही रंगवत होतात त्या चित्रात नव्हताच. चाकंही तुम्हाला दिसणाऱ्या रस्त्यावर टेकणार नव्हतीच. हे एकदा लक्षात आलं की तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं सापडतात.

आधी गेमबद्दल, कारण बरंच काही त्यावर ठरतं. खाली लिहिलेलं सगळं २०१४ साली पूर्ण स्वरूपात आलेल्या मूळ असेट्टो कोर्साला लागू आहे. त्यानंतरच्या असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओनेमध्ये स्वतःची स्किन चालते, पण स्वतःचा ट्रॅक टाकता येत नाही. आयरेसिंगमध्येही तसंच. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये बाहेरून चित्र न्यायचं तर एसव्हीजी फाइल १५ केबीच्या आत बसवावी लागते. ट्रॅकचा हट्ट असेल तर मूळ असेट्टो कोर्सा ही तुमची निवड योग्यच आहे. आणखी एक सूचना: फायली आणि ऑब्जेक्टची नावं मी इथे देवनागरीत लिहितो आहे, पण प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता टाइप करायची. फोल्डरची नावं स्मॉल अक्षरांत, ऑब्जेक्टची नावं कॅपिटलमध्ये.

माझा आग्रह असा की स्किन आधी पूर्ण करा. तिच्यात टेक्स्चर (मॉडेलवर गुंडाळलेलं चित्र), अल्फा (रंगांसोबतचा चौथा, काळा-पांढरा थर), कॉम्प्रेशन या गोष्टी हाताखालून जातात आणि त्याच पुढे ट्रॅकला लागतात.

कंटेंट मॅनेजरमध्ये गाडी निवडून शोरूम उघडा आणि दारावर क्लिक करा. त्या भागाला कोणतं मटेरियल लागलं आहे आणि त्यात कोणती टेक्स्चर आहेत, ते बाजूला दिसतं. तिथूनच टेक्स्चर बाहेर काढता येतं. मग गाडीच्या स्किन्स फोल्डरमध्ये आधीपासून असलेल्या एका स्किनची नक्कल करा, नाव बदला, आणि तुमची फाइल त्यात टाका. गेमचा नियम साधा आहे: स्किनच्या फोल्डरमध्ये मूळ टेक्स्चरच्याच नावाची फाइल सापडली तर मूळ सोडून ती वापरायची. नावात एका अक्षराचा किंवा एक्स्टेंशनचा फरक पडला तर गेम काहीही न सांगता मूळ चित्र दाखवतो. "बदल केला पण दिसतच नाही" ही तक्रार असेल तर आधी नाव तपासा. शोरूम उघडं ठेवून फाइल सेव्ह केली की बदल तिथल्या तिथे दिसतो, दर वेळी गेम सुरू करायची गरज नाही.

आता राखाडी गाडीचं कारण. रस्त्यावर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या बॉडीला जो शेडर (पृष्ठभाग कसा दिसावा हे ठरवणारा छोटा प्रोग्रॅम) असतो, त्यात तीन चित्रं एकत्र काम करतात. पहिलं डिफ्यूज, म्हणजे गाडीवर पसरलेलं मोठं चित्र. त्यात बहुधा फक्त सावल्या आणि पांढरट-करडा रंग असतो. दुसरं डिटेल. ही छोटी फाइल असते, अनेक गाड्यांत तिचं नाव "मेटल डिटेल", आणि गाडीचा खरा रंग व मेटॅलिक चमक तिच्यात असते. तिसरं मॅप्स. त्याचा लाल चॅनेल चकाकीची तीव्रता, हिरवा चकाकीची धार आणि निळा प्रतिबिंबाचं प्रमाण ठरवतो. डिटेलचा रंग कुठे लागायचा हे डिफ्यूजचा अल्फा चॅनेल सांगतो. अल्फा काळा तिथे डिटेलचा रंग लागतो, अल्फा पांढरा तिथे डिफ्यूजमधलं चित्र जसंच्या तसं दिसतं.

तुम्ही फाइल डीएक्सटी-१ या कॉम्प्रेशनमध्ये सेव्ह केलीत, असा माझा जवळजवळ खात्रीचा अंदाज आहे. त्या प्रकारात अल्फा सहसा साठवला जात नाही, म्हणून गेमने सगळा अल्फा पांढरा धरला, डिटेलचा लाल रंग कुठेच लागला नाही आणि खालचं करडं चित्र उघडं पडलं. डीएक्सटी-५ निवडा. गिंपमध्ये याच प्रकाराला बीसी-३ असंही नाव आहे. याच्या उलट तक्रार म्हणजे पांढरं नाव लिहिलं आणि ते लाल दिसलं. तिथे अक्षरांच्या जागी अल्फा पांढरा करायचा राहिलेला असतो, म्हणून डिटेलचा लाल अक्षरांवरही गुणला जातो.

गिंपमध्ये इथे एक सापळा आहे. अल्फा शून्य म्हणजे पारदर्शक, असं समजून रंगवत गेलात आणि थर एकत्र केलेत तर पारदर्शक भागाखालचा रंग नष्ट होऊ शकतो आणि बॉडीवर काळे पट्टे येतात. म्हणून क्रम असा ठेवा. सगळे थर एकत्र करून एकच अपारदर्शक थर बनवा. त्याला लेयर मास्क जोडा. मास्कमध्ये स्टिकर आणि अक्षरांच्या जागा पांढऱ्या, बाकी काळं ठेवा. मास्क अप्लाय करा आणि लगेच डीडीएस (गेमच्या टेक्स्चरचा फाइल-प्रकार) म्हणून एक्सपोर्ट करा, मिपमॅप (लांबून दाखवायच्या लहान प्रती) तयार करण्याचा पर्याय चालू ठेवून. मिपमॅप नसतील तर गाडी लांब गेली की अक्षरं चमचमतात. थर वेगळे असलेली मूळ फाइल मात्र जपून ठेवा. डीडीएस पुन्हा उघडून त्यावर काम करत राहिलात तर दर सेव्हला दर्जा घसरतो.

सावधगिरी म्हणून हेही पाहा की तुमच्या गाडीवर अक्षरं लिहिता येतात का. काही गाड्यांमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूला चित्राचा एकच तुकडा वापरलेला असतो. तिथे एका बाजूला नाव सरळ आलं की दुसऱ्या बाजूला उलटं, आरशातल्यासारखं येणारच. स्किनमध्ये याला उपाय नाही, गाडी बदला. हे तपासायला १६ बाय १६ चौकटींची जाळी करा, प्रत्येक चौकटीत आकडा लिहा, आणि ती डिफ्यूजच्या जागी लावून शोरूममध्ये गाडीभोवती फिरा. कोणता आकडा कुठे पडतो, कुठे ताणला जातो, कुठे उलटा दिसतो, सगळं पाच मिनिटांत कळतं. हा नकाशा काढल्याशिवाय मी कोणत्याही गाडीवर एक रेघही मारत नाही.

फुटलेल्या अक्षरांची कारणं दोन असू शकतात. एक, अक्षरं टाइप करतानाच फुटली: वेलांटी भलत्या बाजूला, जोडाक्षर सुटलेलं. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींची मांडणी चालू नसेल तर असं होतं. गिंप आणि इंकस्केप युनिकोड मराठी नीट जुळवतात. "मुक्त" किंवा "बालू" हे फाँट मोफत आहेत आणि जाड वजनात गाडीवर छान वाचता येतात. गॅरेजचं नाव एखाद्या फ्लेक्सवाल्याने किंवा रेडियमवाल्याने आधीच केलेलं असेल तर त्याच्याकडून मूळ फाइल मागा, पण अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदलून द्यायला सांगा. त्यांचं काम बरेचदा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतं आणि तो फाँट तुमच्याकडे नसेल तर मजकूर वाचता येत नाही. कर्व्हमधली पीडीएफ इंकस्केपमध्ये सरळ उघडते.

दुसरं कारण आकाराचं. गाडीची एक बाजू साधारण ४.५ मीटर. ४०९६ पिक्सेलच्या टेक्स्चरमध्ये तिला २००० पिक्सेल मिळाले तर एक पिक्सेल म्हणजे सव्वादोन मिलिमीटर. ५ सेंटिमीटर उंचीच्या ओळीला जेमतेम २२ पिक्सेल येतात, आणि त्यातच शिरोरेषा, वरची मात्रा, खालचा उकार बसवायचा. अनुस्वाराला दोन-तीन पिक्सेल उरतात. डीएक्सटी कॉम्प्रेशन ४ बाय ४ पिक्सेलचा ठोकळा घेतं आणि त्यात दोनच मुख्य रंग व त्यांच्यामधल्या छटा ठेवतं, त्यामुळे तो अनुस्वार शेजारच्या रंगात विरघळतो. इंग्रजी कॅपिटल अक्षरं या आकारात वाचता येतात, मराठी येत नाहीत. मराठी ओळ किमान १२ सेंटिमीटर उंच ठेवा, आणि लाल-हिरव्यासारखी जोडी टाळून लालवर पांढरं किंवा पिवळं घ्या. शब्द एकाच पत्र्यावर बसवा. शिरोरेषा दाराच्या फटीवरून किंवा दोन वेगळ्या तुकड्यांच्या सांध्यावरून गेली की दोन्हीकडची पातळी अर्धा पिक्सेल जरी सरकली तरी ती तुटलेली दिसते. रोमन अक्षरांत हा दोष लपतो, आपल्याकडे नाही.

४ जीबीच्या कार्डावर आकाराचा हिशोब करावा लागतो. ४०९६ चं डीएक्सटी-५ चित्र मिपमॅपसह सुमारे २१ एमबी होतं. वीस गाड्यांना वीस वेगळ्या स्किन दिल्या तर फक्त बॉडीसाठीच ४२० एमबी. स्वतःच्या गाडीला ४०९६ ठेवा, बाकीच्यांना २०४८ पुरे, म्हणजे प्रत्येकी चौथा हिस्साच जागा लागते. यादीत दिसणारं चित्र कंटेंट मॅनेजर आपोआप काढून देतो. लिव्हरीची, म्हणजे स्किनची यादीतली, छोटी खूण ६४ बाय ६४ ची.

आता ट्रॅक. वाशी ते बेलापूर साधारण १० किलोमीटर, दोन्ही बाजूंना तीन-तीन लेन. पूर्ण करायला घेऊ नका. पहिल्या ट्रॅकसाठी दीड किलोमीटरच्या आतला तुकडा निवडा, उदाहरणार्थ नेरूळजवळ टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या आसपासचा. तिथे एका अंगाला खाडी आणि तिवरं आहेत, म्हणजे एका बाजूला इमारती उभ्या करायचं काम जवळजवळ वाचतं. दुभाजक असल्यामुळे एक चांगली सोय होते: एका बाजूने जायचं, यू-टर्न घ्यायचा, दुसऱ्या बाजूने परत यायचं. १.२ किलोमीटरच्या तुकड्यात सुमारे अडीच किलोमीटरची बंद लॅप मिळते. आपण डावीकडून चालवतो, दुभाजक उजवीकडे असतो, म्हणून ही लॅप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते. यू-टर्नचं वळण खऱ्यापेक्षा थोडं मोकळं करा. १५ मीटर त्रिज्येच्या वळणातून चांगल्या टायरवरही गाडी ताशी ४५ किलोमीटरच्या आसपासच निघते. त्याहून घट्ट वळण केलंत तर एआय गाड्या (गेम स्वतः चालवतो त्या) तिथे हमखास अडकतात.

ठाणेकर असून तुम्ही येऊर किंवा गायमुखचा घाट निवडला नाहीत हे चांगलं झालं. ट्रॅक बनवताना सगळ्यात अवघड असते ती उंचीची माहिती. फुकट मिळणारी एसआरटीएमची, म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेली, उंची दर ३० मीटरला एक आकडा देते, तोही पूर्ण मीटरमध्ये, आणि तो फेब्रुवारी २००० मधल्या अवकाशयानाच्या फेरीतला आहे. त्यानंतर बांधलेले पूल त्यात नाहीत. रडारला दाट झाडी लागली की झाडांची उंची जमिनीच्या उंचीत मिसळते, म्हणून येऊरसारख्या जंगलातल्या रस्त्याला ही माहिती जशीच्या तशी लावली तर रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. पाम बीच जवळजवळ सपाट आहे, पण तिथेही ती थेट वापरू नका. शेजारच्या दोन बिंदूंत १ मीटरचा फरक पडला तर ३० मीटरमध्ये ३.३ टक्के चढ तयार होतो, जो प्रत्यक्षात नाही. ही माहिती लांबच्या डोंगरांसाठी, म्हणजे मागे दिसणाऱ्या पारसिकच्या रांगेसाठी वापरा. रस्त्याची उंची स्वतः आखा. पुढे कधी घाट करायचाच असेल तर बॅरोमीटर असलेला फोन घेऊन एकदा चढून उतरा. त्याची सापेक्ष उंची जीपीएसच्या उंचीपेक्षा बरी येते.

सपाट म्हणजे पाटासारखा सपाट नव्हे. डांबरी रस्त्याला पाणी वाहून जायला आडवा उतार असतो, आपल्याकडच्या पावसाला साधारण २ ते २.५ टक्के. तीन लेनची रुंदी, प्रत्येकी ३.५ मीटर धरून, १०.५ मीटर होते. अडीच टक्क्यांनी दुभाजकाकडची कड बाहेरच्या कडेपेक्षा २६ सेंटिमीटर उंच येते. हा उतार दिला नाही तर स्टिअरिंग निर्जीव वाटतं, आणि नवख्याने केलेला ट्रॅक याच गोष्टीवरून ओळखू येतो. उतार असला की सरळ रस्त्यावरही गाडी किंचित डावीकडे ओढते, लेन बदलताना वजन हललेलं जाणवतं.

ब्लेंडरमध्ये ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून रस्त्याची मध्यरेषा आणा. ट्रॅक इतरांना देणार असाल तर ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख करणं त्यांच्या परवान्यानुसार बंधनकारक आहे. आणलेली रेषा ओबडधोबड असते, दर २०-३० मीटरला टोक आलेलं असतं. तिच्यावरून बेझिअर कर्व्ह नव्याने ओढा, जितके कमी बिंदू तितकं वळण सलग. मग रस्त्याचा १ मीटर लांबीचा आडवा छेद करून ॲरे आणि कर्व्ह मॉडिफायरने तो रेषेवर पसरवा. सगळं मॉडेल शून्य बिंदूच्या जवळ ठेवा. शून्यापासून फार दूर गेलं की आकड्यांची अचूकता कमी होऊन गाडी थरथरते.

१ मीटरच का? ताशी १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर. चढाच्या माथ्याची उभी त्रिज्या ४०० मीटर असेल आणि तुकडे ४ मीटरचे असतील, तर दर सांध्याला अर्ध्या अंशाहून जास्तीचा कोन येतो आणि तो सेकंदाला बारा वेळा स्टिअरिंगमध्ये टकटक करतो. १ मीटरला हाच कोन सुमारे ०.१४ अंश होतो आणि जाणवेनासा होतो. खर्चही फार नाही: २४०० मीटर लांबी, रुंदीत आठ चौकटी, म्हणजे ३८,४०० त्रिकोण. यापेक्षा बारीक जाळी फक्त गतिरोधक आणि खड्ड्यांपुरती द्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्रिज्या १७ मीटर. तो १ मीटरच्या तुकड्यांत बसवला तर टोकदार चौकोनी उंचवटा होतो. किमान नऊ-दहा तुकडे हवेत, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटरचा एक.

आता खाली पडणारी गाडी. गेम चाकांखाली फक्त तेच मेश (त्रिकोणांच्या जाळीचा तुकडा) धरतो ज्याच्या नावाची सुरुवात आकड्याने होते आणि आकड्यापुढे सर्फेसचं नाव येतं: "१रोड", "१ग्रास", "१कर्ब", "१वॉल". नुसतं "रोड" नाव असेल तर रस्ता दिसतो, पण हिशोबात नसतो. मी दोन वेगळे मेश ठेवतो. एक दिसणारा, नावात आकडा नसलेला, लेनच्या रेषा आणि टेक्स्चरसह. दुसरा "१रोड", टेक्स्चर नसलेला, केएस-एडिटरमध्ये रेंडरेबल बंद केलेला, म्हणजे न दिसणारा. दोन्हींची पातळी सारखी हवी, नाहीतर टायर रस्त्यात रुतलेले किंवा तरंगताना दिसतात. फायदा असा की दिसणारा रस्ता हलका ठेवता येतो, आणि बंप कमी-जास्त करताना रंगकामाला हात लावावा लागत नाही.

नाव बरोबर असूनही गाडी पडली तर पुढच्या गोष्टी याच क्रमाने पाहा. नॉर्मल्स: रस्त्याच्या पृष्ठांचं तोंड वर हवं, खाली असेल तर पृष्ठ दिसतही नाही आणि चाकालाही लागत नाही. ब्लेंडरमध्ये फेस ओरिएंटेशन चालू केलं की उलटी पृष्ठं लाल दिसतात. स्केल: एफबीएक्समध्ये (ब्लेंडरमधून केएस-एडिटरकडे जाणारी फाइल) सेंटिमीटर-मीटरचा घोळ झाला तर ट्रॅक शंभरपट मोठा किंवा लहान होतो. रस्त्यावर ४.५ मीटरचा एक ठोकळा ठेवून एक्सपोर्ट करा आणि गेममध्ये गाडीशी ताडून पाहा. एक्सपोर्टपूर्वी कंट्रोल-ए ने स्केल आणि रोटेशन अप्लाय केलेलं हवं. मग एम्प्टी. "एसी_स्टार्ट_०", "एसी_पिट_०", "एसी_हॉटलॅप_स्टार्ट_०" हे रिकामे बिंदू गाडी कुठे उभी राहणार ते ठरवतात. ते रस्त्याच्या थोडे वर हवेत. खाली गेले तर गाडी जन्मतःच जमिनीखाली असते. केएस-एडिटरमध्ये त्यांचा हिरवा अक्ष वर आणि निळा अक्ष गाडीच्या तोंडाच्या दिशेला हवा. स्टार्ट आणि पिटची संख्या सारखी ठेवा आणि ट्रॅकच्या माहितीच्या फाइलमध्ये पिटबॉक्सचा तोच आकडा लिहा. वेळ मोजायला "एसी_टाइम_०_एल" आणि "एसी_टाइम_०_आर" ही जोडी रस्त्याच्या डाव्या-उजव्या कडेला लागते, पुढच्या सेक्टरना १, २ असे आकडे.

केएस-एडिटर एका ऑब्जेक्टमध्ये ६५,५३५ पेक्षा जास्त शिरोबिंदू घेत नाही, म्हणून मोठी जमीन तुकड्यांत तोडा. टेक्स्चर ज्या फोल्डरमध्ये ठेवायची त्याचं नाव "टेक्स्चर" असं एकवचनी, आणि तो एफबीएक्सच्या शेजारी. मटेरियलच्या सेटिंग बसल्या की पर्सिस्टन्स फाइल लगेच सेव्ह करा. पुढच्या वेळी त्याच नावाचा एफबीएक्स उघडला की शेडर आणि आकडे परत मिळतात. ती नसेल तर ब्लेंडरमध्ये एक खांब हलवला तरी सगळी मटेरियल पुन्हा बसवावी लागतात. आयात केलेलं डांबर पहिल्यांदा ओल्यासारखं चकाकतं. स्पेक्युलर, म्हणजे चकाकी, शून्याच्या जवळ आणा.

सर्फेसेसच्या आयएनआय फाइलमध्ये सार्वजनिक रस्त्याला ०.९५ ते ०.९८ घर्षण ठेवा, गवताला ०.६. गवताच्या ओळीत ट्रॅक वैध असल्याचा आकडा ० आणि रस्त्याच्या ओळीत १ हवा. हे उलटं झालं तर प्रत्येक लॅप बाद होते. नव्या नावाचं सर्फेस केलंत, समजा पेव्हर ब्लॉकचं, तर फाइलमधला शब्द आणि मेशच्या नावातला शब्द अक्षरशः एक असू द्या.

इथे थांबा आणि गाडी चालवा. राखाडी रस्ता, एकही झाड नाही, एकही दिवा नाही. अशा रस्त्यावर वीसेक लॅप मारल्या की वळण कुठे मोडतं, रुंदी कुठे खोटी वाटते, उतार कुठे अचानक बदलतो ते हाताला कळतं. ते आत्ता दुरुस्त करणं स्वस्त आहे. कठडे, खांब, झाडं लावल्यावर रस्ता १ मीटर सरकवला तर सगळं त्याच्यासोबत सरकवावं लागतं. बहुतेक अर्धवट सुटलेले ट्रॅक इथेच अडकतात: झाडं सुंदर, रस्ता चालवण्याजोगा नाही. हा टप्पा मनापासून पार पाडा, बाकी सगळं सावकाश होतं.

सजावटीत ४ जीबीचं कार्ड ध्यानात ठेवा. तिवरांची प्रत्येक फांदी मॉडेल करू नका. खाडीच्या कडेने अल्फा असलेल्या उभ्या पट्ट्यांच्या दोन-तीन रांगा, एकमेकींच्या मागे थोड्या सरकवून लावल्या तर रस्त्यावरून दाट जंगल दिसतं. दिव्याचे खांब एकेक वेगळे ठेवले तर प्रत्येकासाठी प्रोसेसरला वेगळी आज्ञा द्यावी लागते. म्हणून २०० मीटरमधले खांब एका मेशमध्ये जोडा. सगळे १.२ किलोमीटरचे एकत्र जोडू नका, कारण मग मागे गेलेले खांबही गेम काढत राहतो. डांबराचं टेक्स्चर ४ बाय ४ मीटरचं, १०२४ पिक्सेल, म्हणजे पिक्सेलला ४ मिलिमीटर, पुरेसं आहे. फोटो ढगाळ दिवशी काढा, रस्ता कोरडा असताना. कडक उन्हात काढलेल्या फोटोत सावल्या पक्क्या उमटून येतात आणि त्या गेममधल्या सूर्याशी जुळत नाहीत. फोटोसाठी पाम बीचवर गाडी बाजूला घेऊन उभे राहू नका, तिथे वाहनं फार वेगात येतात. डांबर सगळीकडे सारखंच असतं, सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर काढा. मापं सॅटेलाइट नकाशावर मोजा, पण ते चित्र टेक्स्चर म्हणून वापरून वाटू नका, त्याचे हक्क तुमच्याकडे नाहीत.

एआयची रेषा गेममध्ये स्वतः लॅप चालवून रेकॉर्ड करायची. त्यासाठी सेटिंगमध्ये डेव्हलपर ॲप्स चालू करावी लागतात. पिटमधून जाण्याची रेषा वेगळी रेकॉर्ड होते. रेषा स्वच्छ, थोडी हळू चालवा, गेम वेग स्वतः ठरवतो. रात्रीचे दिवे आणि पाऊस मूळ गेममध्ये नाहीत, ते कस्टम शेडर्स पॅच या वेगळ्या जोडणीतून येतात. त्याकडे सगळ्यात शेवटी वळा.

पुढचा प्रश्न टाकाल तेव्हा स्किनसाठी गाडीचं नाव आणि शोरूममध्ये दारावर क्लिक केल्यावर दिसणाऱ्या मटेरियलचा स्क्रीनशॉट जोडा. ट्रॅकसाठी ब्लेंडरमधली ऑब्जेक्टची यादी आणि फेस ओरिएंटेशन चालू असलेलं वरून घेतलेलं चित्र, एवढं द्या. या दोन चित्रांवरून बहुतेक बिघाड तिथल्या तिथे सांगता येतो.